उत्तरेची मादी

आंबांजाच्या बाजारात तोंबोचं नाव काढलंत, तर निम्मे लोक हसतील आणि उरलेले निम्मे नकळत हात कापडाला पुसतील. सरडे पाळणारा माणूस तो. आमच्याकडे सरड्याला कुणी हात लावत नाही. वाटेत आडवा आला तर वळसा घालून जायचं, आणि दाखवायचाच झाला तर बोट मुडपून दाखवायचं. सरळ बोट केलं की ते सडतं म्हणतात. तोंबोनं उभा जन्म सरडे अंगाखांद्यावर खेळवले, पण बोट मात्र तोही मुडपूनच दाखवायचा. "अरे, तू तर त्याला कडेवर घेतोस, मग बोटाचं काय घेऊन बसलास?" असं कुणी चिडवलं, तर म्हणायचा, "कडेवरच्या पोराला तरी कुणी बोट दाखवतं का?"

मुळात तो इलांगची फुलं तोडणारा. पहाटे झाडावर चढायचं, फुलं पिवळी पडली की नाही ते हातात धरून बघायचं, आणि उन्हं वर यायच्या आत टोपली अत्तराच्या भट्टीवर टाकायची. त्या वाकड्यातिकड्या फांद्यांवर सरडे असायचेच. बाकीचे तोडणारे ओरडत खाली उतरायचे, हा बघत बसायचा. पुढे त्याच्या बहिणीचा मुलगा एवारिस्त यानं गावाबाहेर कोकोच्या बागेत सरडे वाढवून विकायचं पाळणाकेंद्र काढलं, परवाना मिळवला, आणि पहिलं काम काय केलं असेल, तर मामाला उचलून तिथं नेलं. पैसा, कागद, मोटरसायकल, सगळं भाच्याचं. सरडा कुठला हे सांगायचं तेवढं मामाचं.

आता तुम्ही म्हणाल, सरडा तो सरडा, त्यात कुठला आणि कसला. तसं नाही. आंबांजाचा नर निळसर हिरवा, अंगावर निळे पट्टे, कुशीवर पांढरी रेघ. उत्तरेला आंबिलोबेला जा, तिथला नर पिवळा-तांबडा, पट्टे असतील निळे नाहीतर लाल. मधल्या एकेका खाडीचा, एकेका टेकडीचा नर वेगळा. तोंबो सकाळी ऊन पिंजऱ्यावर यायची वाट बघायचा आणि नरासमोर फुटक्या आरशाचा तुकडा धरायचा. नराला वाटायचं, आला कुणी दुसरा आपल्या फांदीवर. मग तो फुगायचा, चपटा व्हायचा आणि होते नव्हते तेवढे रंग बाहेर काढायचा. तोंबो म्हणायचा, भांडताना माणूस आपलं गाव काढतो, तसंच हे.

पण हे झालं नराचं. मादीची गंमत अशी की साऱ्या मुलखात ती सारखीच, पिकल्या सुपारीच्या रंगाची, फिकट, गप्प. आंबांजाची आणि आंबिलोबेची शेजारी ठेवली तर तोंबोचीसुद्धा बोलती बंद. नराचं गाव अंगावर, मादीचं गाव आणणाऱ्याच्या तोंडी. म्हणून परक्या मादीपासून झालेली पिल्लं वाढून रंगात येईपर्यंत कुणाला काही कळत नाही, आणि त्यातल्या माद्या तर कधीच कळत नाहीत. पुढे त्या मिश्र माद्या खऱ्या म्हणून दिल्या, की झालं, पिढ्यान्‌पिढ्या घोळ. तोंबोच्या हातून असा घोळ कधी झाला नव्हता. एवारिस्त टोपी काढून विचारायचा, "मामा, ही कुठली?" तोंबो गावाचं नाव घ्यायचा. बस. त्यांच्या घरात मामाला एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही, असं होतं.

आणि एक गाव तोंबोच्या फार जवळचं होतं. आम्पासिबे. समुद्रात शिरलेलं लहानसं टोक, तिथं त्याचा जन्म. तिथला नर पाहिलेला माणूस विसरायचा नाही. अंग समुद्राच्या उथळ पाण्यासारखं, पट्टे गर्द निळे, आणि लालाचा एक ठिपकासुद्धा नाही. पण त्या टोकावरची इलांगची झाडं तोडली गेली, मग एका उन्हाळ्यात कुंपणं जळाली, आणि निळा दिसेनासा झाला. तोंबोनं किती खेपा घातल्या. शेवटी एक म्हातारा नर सापडला, आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, विहिरीजवळच्या झुडपात, एक मादी. ती हाताला लागली तेव्हा तोंबो तिथंच मातीत बसून हसत सुटला, असं विहिरीवरच्या बायका सांगतात. नराचं नाव त्यानं आजोबा ठेवलं होतं.

आम्पासिबेच्या म्हाताऱ्यांनी आणि एवारिस्तनं मिळून टोकावर पुन्हा झाडं लावली, कुंपणं उभी केली. ठरलं असं, की आजोबाची पिल्लं मोठी झाली की ती तिथं सोडायची. तोंबोनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. म्हणायचा, "माझ्या डोळ्यांदेखत एक तरी निळा त्या कुंपणावर बसू दे, मग मला खुशाल न्या."

आता त्याची बायको सोआवेलो. ती आंबिलोबेची, म्हणजे उत्तरेची. तिची आणि तोंबोची कुळं अशी, की एकमेकांची टर उडवायची जुनी मुभा. मनाला लावून घेईल तो मूर्ख. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिचं नाव कधी घेतलंच नाही. "उत्तरेची उठली का? उत्तरेचीनं भात करपवला का?" असंच चालायचं. सासू गेली, नाव राहिलं. तोंबोही कौतुकात आला की उत्तरेची म्हणायचा, आणि तीही कमी नव्हती.

"तुमच्याकडच्या माणसांना मासा सोलायला दिला तर काटे खातील नि मासा टाकतील," ती म्हणायची.

"म्हणून तर उत्तरेहून बायको आणली. काटे काढायला कुणीतरी हवं ना."

तीनाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, लग्नातसुद्धा हे दोघं असेच एकमेकांना टोचत बसले होते. पण एका बाबतीत सोआवेलो ठाम. सरड्यांच्या पिंजऱ्यांकडे ती फिरकायची नाही. नवरा घरी आला की आधी हात, मग तोंड, मग पुन्हा हात, तेव्हा ताट. "तुमच्यावर जीव आहे, तुमच्या पाहुण्यांवर नाही," असं स्पष्ट सांगायची.

मग तो ताप आला. तोंबोला हिवताप नवा नव्हता, पण या खेपेला त्यानं त्याला चटईवर पार झोपवलं. नेमकी त्याच वेळी आम्पासिबेची मादी रंगात आली होती. अंगावर गुलाबी झाक चढते, ती फार थोडे दिवस टिकते, आणि आजोबा तर आज आहे उद्या नाही अशा वयाचा. एवारिस्त मालाची गाडी घेऊन दूर गेलेला. केंद्रावरचा गडी सरड्यांना टोळ टाकायचा, तोही काठीच्या टोकानं. हात लावायचं नाव काढलं की पळून जायचा. तोंबो चटईवर तळमळत होता.

"काय होतंय?" सोआवेलोनं विचारलं.

"उत्तरेची तयार आहे," तो दात वाजवत म्हणाला. "तिला आजोबाकडे सोडायला हवी. आजच. मला उठव."

"तुम्हाला उठवून काय करू? दारापर्यंतसुद्धा जाणार नाही तुम्ही."

"मग गेली ती वेळ."

सोआवेलोनं त्याच्या कपाळावरचं ओलं फडकं बदललं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तापाचं की कशाचं हे तिला कळत नव्हतं. शेवटी म्हणाली, "कशी सोडायची ते सांगा."

आमच्याकडे डावं-उजवं म्हणत नाहीत, दिशा सांगतात. ताट पूर्वेला सरकव, चमचा दक्षिणेचा घे, असंच आम्ही बोलतो. केंद्रावर माद्यांचे दोन पिंजरे होते, एक उत्तरेच्या भिंतीला, एक दक्षिणेच्या. उत्तरेच्या पिंजऱ्यात आम्पासिबेची. दक्षिणेच्या पिंजऱ्यात आंबिलोबेची एक मादी, सोआवेलोच्या भावानं महिनाभरापूर्वी आणून दिलेली. तोंबोनं उत्तरेची म्हटलं ते पिंजरा मनात धरून. आणि सोआवेलोनं ऐकलं ते आयुष्यभर ऐकत आली तसं. उत्तरेची म्हणजे आपल्या माहेरची.

ती गेली. गड्याला विचारलं, "माझ्या भावानं आणलेली कुठली?" त्यानं मुडपलेल्या बोटानं दक्षिणेचा पिंजरा दाखवला. सोआवेलोनं हाताला अंगावरचं कापड गुंडाळलं, डोळे मिटले, पूर्वजांची माफी मागितली आणि हात आत घातला. नंतर ती सांगायची, की तीनाच्या वेळच्या कळा बऱ्या होत्या. पण मादी उचलली, आजोबाच्या पिंजऱ्यात सोडली आणि बाहेर येऊन कोकोच्या झाडाखाली ओकली.

तीही मादी रंगात होती, हे दुर्दैव. आजोबानं मान हलवली, रंग काढले, आणि जे व्हायचं ते झालं.

घरी येऊन तिनं सांगितलं, तेव्हा तोंबोनं तापात तिचा हात धरून ठेवला. "उद्या तिला परत उत्तरेला ठेव," एवढंच पुटपुटला. दुसऱ्या दिवशी ती ठेवायला गेली, तर उत्तरेच्या पिंजऱ्यात दुसरीच बसलेली. बरोबरच आहे, तिला वाटलं, उत्तरेची उत्तरेला हवी, यांच्या मनात ते आलेलं दिसतंय. तिनं त्या दुसरीला दक्षिणेच्या रिकाम्या पिंजऱ्यात हलवलं आणि आपलीला उत्तरेला ठेवलं. गडी टोळ पकडायला गेला होता, त्यानं पाहिलं नाही.

तोंबो उठला तोवर उत्तरेच्या पिंजऱ्यातली मादी गाभण दिसत होती. गाभण मादी आपला सगळा रंगच टाकून देते. काळीभोर होते, वर केशरी पट्टे. तिच्यात कालची कोण हे ओळखायचं काम कुणाचंच नाही. तोंबोला तर शंका यायचं कारणच नव्हतं. तो आनंदानं वेडा झाला होता. दक्षिणेच्या पिंजऱ्यातल्या मादीनं पुढे पोकळ अंडी घातली आणि ती मेली, तेव्हा त्यानं मेहुण्याला निरोप धाडला, तुमची मादी गेली, वाईट वाटतं. आजोबाही पावसाळ्यात गेला. त्याला इलांगच्या झाडाखाली पुरलं.

अंडी मात्र टपोरी निघाली. नारळाच्या ओल्या काथ्यात ती ठेवली होती, आणि त्यांची राखण कोण करायचं? सोआवेलो. हो, तीच. एकदा हात लावून झाल्यावर तिचं भय कुठं गेलं कुणास ठाऊक. डब्यातली ओल रोज बघायची. अंडी फुटून पिल्लं निघाली तेव्हा शेजारणींना बोलावून दाखवली, आणि शेजारणी दारातूनच पळाल्या. "पळा, पळा," ती म्हणाली, "तुमच्या पोरांपेक्षा गप्प आहेत माझी." नवऱ्याला हात धुवायला लावणंही बंद झालं. संध्याकाळी दोघं शेजारी बसून बारके टोळ निवडायचे. तोंबो म्हणायचा, लग्न झाल्यापासून इतकं सुख नव्हतं. आणि खरंच नव्हतं.

मग नर पिल्लांवर रंग यायला लागला.

तोंबोनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, ऊन तिरपं आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं आरसा धरला. पट्टे निळे होते, झकास निळे, आजोबाचेच. पण पट्ट्यांच्या मध्ये पाण्याचा रंग नव्हता. तिथं पिवळं होतं, आणि पिवळ्यात लालाची धूळ. त्यानं दुसरा नर घेतला. तिसरा घेतला. एक जवळजवळ खरा वाटत होता, तर त्याच्या गळ्याखाली केशरी. तो बसून राहिला आणि तापातलं आपलं बोलणं आठवायला लागला, आणि आठवलं. उत्तरेची. मग दक्षिणेच्या पिंजऱ्यात मेलेली कोण होती, हेही त्याला कळलं.

तेवढ्यात सोआवेलो पाणी घेऊन आली. तिनं त्याच्या खांद्यावरून डोकावलं आणि भांडं खाली ठेवलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हा तर आमच्या कुंपणावरचा. हा पपईचा रंग. लहानपणी याला बघून आम्ही घरात पळायचो."

तोंबोनं आरशाचा तुकडा पालथा ठेवला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "माझ्या माहेरची मादी सोडायला सांगितलीत, तेव्हाच मनात आलं. पण तुम्ही बोलला नाहीत, मी विचारलं नाही. तुमच्या गावाच्या कुंपणावर माझ्या गावाचा रंग." तिनं डोळे पुसले. "एवढी वर्षं नुसती टर उडवलीत माझी. हे मनात होतं, ते सांगायचं तरी."

काय सांगणार होता तो? की तू चुकलीस? की आयुष्यात एकदा माझ्यासाठी हात घातलास, आणि त्या हातानंच आम्पासिबेचा निळा संपला? तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच राहू दिला त्यानं.

त्यानंतर तोंबोची झोप उडाली. सांगितलं तर हिचं काळीज फाटतं. नाही सांगितलं तर टोकावर मिश्र पिल्लं सुटतात, आणि एकदा सुटली की परत घेता येत नाहीत. आता तिथं दुसरा निळा उरलाच नाही, मग कोण भ्रष्ट होणार, असं तो स्वतःला समजवायचा. कुंपणाला काय कळतंय, आणि म्हातारे तर लांबूनच बघणार. पण नंतर कुणी आंबांजाहून, कुणी परमुलखातून येईल, बघेल आणि म्हणेल, हा आम्पासिबेचा. आणि तो तसा नसेल. ते नाव तोंबोच्या तोंडून गेलेलं असेल. जेवताना तो भात चिवडत बसायचा. "पिल्लं जाणार म्हणून वाईट वाटतंय होय?" सोआवेलो विचारायची. तो मान डोलवायचा.

ठरलेल्या सकाळी एवारिस्त आला, ओल्या फडक्यानं झाकलेल्या रिकाम्या टोपल्या घेऊन. आम्पासिबेला म्हातारे पहाटेपासून जमले होते, नारळाचा भात शिजला होता, पूर्वजांना दारूचे थेंब वाहून झाले होते. सोआवेलोनं तोंडाला चंदनाचा लेप लावला होता, नवं कापड नेसली होती. तीही निघणार होती.

एवारिस्तनं टोपी काढली. "मामा," तो नेहमीसारखा म्हणाला, "ही कुठली?"

तोंबोनं पिल्लांकडे पाहिलं. मग पिंजऱ्याच्या जाळीकडे. "आम्पासिबेची," तो म्हणाला.

एवारिस्तनं टोपली उघडली. सोआवेलो मात्र जागची हलली नाही. नवऱ्यानं दोन्ही गावांची नावं घ्यायला हवी होती. तिला तर वाटलं होतं, तो ती अभिमानानं घेईल. त्यानं एकच घेतलं, आणि तेही तिच्याकडे न बघता. एवढ्या संसारात तोंबोला खोटं बोलताना तिनं पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि तापात तो म्हणाला ती उत्तरेची पिंजऱ्याची होती, आपल्या माहेरची नव्हे, आणि तो खोटं का बोलला, तेही त्याच क्षणी तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरचा लेप वाळला होता, तो ओठांपाशी तडकला.

"एवारिस्त, टोपली खाली ठेव," ती म्हणाली.

"का, मामी?"

"बाप आम्पासिबेचा. आई माझ्या माहेरची. हे तापात होते, उत्तरेची म्हणाले, मी आमची समजले आणि माझ्या हातानं सोडली. मग पिंजरे बदलले, तेही मीच. दक्षिणेच्या पिंजऱ्यात मेली, ती तुमची आम्पासिबेची मादी." तिनं नवऱ्याकडे मान वळवली. "हे माझ्यासाठी खोटं बोलतायत. ह्यांचं ऐकू नकोस."

एवारिस्त टोपी हातात धरून उभा. मामाला पुन्हा विचारता येत नाही, आणि मामीला खोटं पाडता येत नाही.

"ती म्हणते ते खरं आहे," तोंबो म्हणाला. "मी खोटं बोललो."

"मग आम्पासिबेची?"

"संपली."

एवारिस्तनं टोपलीवर फडकं पुन्हा घातलं. आतून बाहेरून चांगला मुलगा तो. रागावला असेल, पण बोलला नाही. "म्हातारे थांबलेत," तो शेवटी म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी येतो."

"मीही येते," सोआवेलो म्हणाली.

"तू कशाला? तुला बोलतील."

"बोलू देत. तुम्ही एकट्यानं बोलणी खाल्लीत तर मला घरात राहवेल का?"

त्या सकाळी तोंबोनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुझी चूक नाही. मला नीट सांगता आलं नाही."

"आणि मला नीट ऐकता आलं नाही. चला आता."

रिकाम्या टोपल्या तिथंच ठेवून तिघं निघाले. आम्पासिबेच्या टोकावर नवी झाडं माणसाच्या खांद्याएवढी झाली होती, कुंपणं दाट हिरवी होती, आणि म्हातारे सावलीत ओळीनं बसले होते. तोंबो त्यांच्यापुढे उभा राहिला. आधी आजोबाचं सांगितलं, मग विहिरीजवळ सापडलेल्या मादीचं. तिथवर येऊन त्याला रडू फुटलं, सगळ्यांसमोर, आणि पुढे बोलवेना. राहिलेलं सोआवेलोनं सांगितलं.